बुगाटी रोयाल : सहा कीं सात ?

एत्तोरे बुगाटीनें आल्सास प्रांतांत मोल्शाइम येथें राजेरजवाड्यांसाठीं म्हणून जी रोयाल नांवाची मोटार काढिली, तिच्या पंचवीस प्रती करण्याचा त्याचा मनोदय होता. गिऱ्हाइकें मिळालीं अवघीं तीन. आज सहा गाड्या विद्यमान आहेत. १९८५ मध्यें अमेरिकेंत पेबल बीच येथें त्या साही एकत्र मांडिल्या होत्या. येथवर मतभेद नाहीं. परंतु याद्या करणारे 'सात घडल्या, सहा उरल्या' असें बेधडक लिहितात, त्यास आमचा आक्षेप आहे.

ही सातवी कोणती ? ४११०० या क्रमांकाची पहिली गाडी स्वतः बुगाटी पॅरिसहून परततांना चालवीत होता. त्याचा डोळा लागला व ती मोडली. पुढें तिची मोठी पुनर्बांधणी होऊन क्रमांक तोच राहिला. मोडलेली निराळी मोजली तर सात घडून एक नष्ट. क्रमांक प्रमाण धरला तर सहा घडून नष्ट एकही नाहीं. जीर्ण पोथीचीं पानें नव्यानें लिहवून शेवटीं जुनी पुष्पिका जोडावी, तसाच हा प्रकार. आपण कोणतें गमक मानतों, हें यादीकारानें आधीं सांगावयास हवें.

आम्ही क्रमांक प्रमाण मानतों. पण त्यांतही एक खोंच आहे. ४११११ ही गाडी १९३२ मध्यें पॅरिसच्या आर्मां एस्देर या कपड्यांच्या कारखानदारानें घेतली. रात्रीं हांकावयाचीच नाहीं, म्हणून त्यानें तिला पुढचे दिवे बसवूं दिले नाहींत ! पुढें ती उघडी काया उतरवून बिंदरच्या कारखान्यांतील दुसरी चढविण्यांत आली. क्रमांक जगला, रूप गेलें. फ्रान्सांत म्यूलूज येथील संग्रहालयांत बिनदिव्यांची जी एस्देरची गाडी दिसते, ती मागाहून केलेली प्रतिकृति होय. तिला विद्यमान गाड्यांत धरणें म्हणजे ४११११ दोनदां मोजणें. पानिपतानंतर भाऊसाहेबांचे तोतये निघाले, म्हणून कोणी भाऊसाहेब दोन झाले असें लिहीत नाहीं.

म्हणून यादींत सांगाडा व काया यांस निरनिराळे रकाने असावेत. एस्देरच्या कायेपुढें 'नष्ट' हा शेरा पडावा. दुरुस्त्यांसही एक रकाना हवा. ४११२१ ही न्यूयॉर्कच्या भंगारखान्यांतून चार्ल्स चेन या इंजिनियरानें सोडविली, तेव्हां त्यानें एका कार्बुरेटरच्या जागीं चार बसविले व काळीपिवळी गाडी पांढरी रंगविली. सोडविल्याचे उपकार खरेच. पण समासांत दुसऱ्या हातानें लिहिलेलें मूळ संहितेंत घालूं नये.