पायी चालणारी प्रस्तावना

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांची प्रस्तावना वाचायची, तर आधी घाई खुंटीला टांगून ठेवावी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे २२ खंड झाले. आत मोडीतून उतरवलेली अस्सल पत्रे. पण वाचक गुंततो तो दारातच, प्रस्तावनेत. गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळणारा हा माणूस लिहितानाही पायीच चालतो. प्रश्न मांडतो, त्याच्या वाटा मोजतो, एकेक वाट बंद करतो आणि उरलेल्या वाटेने आपल्याला ओढत नेतो.

१९२२ची 'राधामाधवविलासचंपू'ची प्रस्तावना पाहा. या काव्याचा कर्ता जयराम पिंड्ये हा शहाजीराजांच्या दरबारातला स्तुतिकवी. दुसरा संपादक वृत्ते-अलंकारांत रमला असता. राजवाडे कवीचा भाटपणा गाळतात, उरलेल्या तपशिलांची जुळणी करतात, आणि 'शिवाजीचे वडील' एवढ्याच ओळखीत अडकलेला शहाजी स्वतंत्र मुत्सद्दी म्हणून उभा राहतो. 'महिकावतीची बखर' (१९२४) हातात घेतात, तेव्हा उत्तर कोकणातल्या राजवंशांच्या उलाढालींवरून ते थेट कुणब्याच्या पोटापाशी येतात. राज्ये पालटली तरी सामान्य माणूस स्वस्थ का? कारण अन्न सहज मिळत होते! वंशावळीतून भाकरीपर्यंतची ही उडी हीच राजवाड्यांची प्रतिभा.

ही उडी कधी फसतेही. व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेल्या, जातींविषयीचे निष्कर्ष आज न पटणारे, आणि प्रतिपक्षाला बसायला पाटसुद्धा नाही, असा आवेश. तरी खोड सापडते ती त्यांनीच पायऱ्या उघड्या ठेवल्या म्हणून. पायऱ्या झाकून फक्त अधिकार मिरवणाऱ्या गद्यापेक्षा हे चुकणारे गद्य प्रामाणिक आहे. शिवाय ते हट्टाने मराठीत आहे. प्लेटोचे 'रिपब्लिक' मराठीत आणणाऱ्या या पंडिताला इंग्रजी येत नव्हते थोडेच! पण आपले संशोधन आपल्या माणसांना कळावे, हा त्यांचा बाणा.

या वाटचालीचा शेवटचा मुक्काम खानदेशात पडला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यात वारले. मागे ना वाडा, ना वतन. होते ते कागद. धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारून ते राखले. त्यांचा 'मराठी धातुकोश' १९३७ साली छापून निघाला, कर्ता जाऊन दहा वर्षे उलटल्यावर, आणि तो निघाला धुळ्यातूनच.