फेस आणि पाणी

‘ट्रायल बाय फायर’ हा अमेरिकी नौदलाने १९७३ साली काढलेला प्रशिक्षणपट. नव्या खलाशांना विमानवाहू नौकेवरची आग कशी असते आणि ती विझवताना काय चुकते, एवढेच शिकवण्यासाठी केलेला. अशा फिल्मचे रसग्रहण म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकावर समीक्षा लिहिण्यासारखे, असे कुणी म्हणेल. पण युद्धावरच्या अनेक गाजलेल्या चित्रपटांना जे साधत नाही ते या फिल्मला साधले आहे. ती मेलेल्या शूरांचा मान राखते आणि त्यांच्या सोबत्यांच्या चुकाही दाखवते, आणि दोन्ही एकाच दृश्यात.

तिच्यातला सर्वांत मोलाचा भाग फिल्मसाठी म्हणून टिपलेला नाही. विमाने नीट उतरतात की नाही हे पाहण्यासाठी नौकेवर कॅमेरे बसवलेले असतात. २९ जुलै १९६७ रोजी टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या नौकेवर ते चालूच होते. सकाळी अकराच्या सुमारास एका फँटम विमानाची वीज बाहेरच्या जोडणीवरून आतल्या जोडणीवर घेताना दाब उसळला आणि पंखाखालचे झुनी रॉकेट आपोआप सुटले. डेकच्या पलीकडच्या बाजूला उड्डाणाची वाट पाहत उभ्या असलेल्या स्कायहॉकची इंधनटाकी त्याने फोडली. सांडलेले इंधन पेटले, बॉम्ब डेकवर पडले. कॅमेरा हे सगळे निर्विकारपणे पाहत राहतो. तो जवळ जात नाही, कुणाच्या चेहऱ्यावर रेंगाळत नाही, पुढे काय होणार याची चाहूल देत नाही. दिग्दर्शक असता तर त्याने इथे नक्कीच काहीतरी केले असते. न करण्यातली ताकद किती, ते या चित्रणात कळते.

मग डाव्या-उजव्या धावपळीतून एक माणूस वेगळा दिसू लागतो. चीफ जेराल्ड फॅरियर, डेकवरच्या अग्निशमन पथकाचे प्रमुख. अंगात संरक्षक पोशाख नाही, हातात पावडरचे एकच सिलिंडर. ते थेट आगीत पडलेल्या बॉम्बकडे धावतात. बॉम्ब थंड राहिला तर विमानांत अडकलेल्या वैमानिकांना बाहेर पडायला वेळ मिळेल, हा हिशेब. पथकाला शिकवलेला हिशेबही तोच होता, कारण नव्या बनावटीचे बॉम्ब आगीत बराच वेळ तग धरत. त्या दिवशी मात्र डेकवर जुन्या साठ्यातले हजार पौंडी बॉम्बही होते, आदल्याच दिवशी दारूगोळ्याच्या जहाजावरून घेतलेले. कॅप्टन जॉन बेलिंग यांना ते नकोच होते, पर्याय नव्हता म्हणून घेतले. आग लागल्यापासून दीड मिनिट उलटते न उलटते तोच पहिला बॉम्ब फुटला. फॅरियर आणि त्यांचे जवळजवळ सगळे पथक गेले. फिल्ममध्ये हा क्षण म्हणजे पडद्याला बसलेला एक हादरा, नंतर धूर. बस्स.

एखाद्या सामान्य कथाकाराने गोष्ट इथेच संपवली असती. ही फिल्म खरी सुरू होते ती इथून. प्रशिक्षित माणसे पहिल्याच स्फोटात गेल्यावर आता नळ्या उचलतात ते मेकॅनिक, विमाने ढकलणारे, दारूगोळा वाहणारे. ज्याच्या हाती जे लागेल ते. एकही जण मागे हटत नाही. स्फोटाने उधळले जातात, पुन्हा पुढे येतात. काही जण इंधनावर फेस पसरत असतात, कारण पेटलेले तेल फेसाखाली गुदमरते. आणि त्याच वेळी दुसरे काही जण समुद्राच्या पाण्याचा झोत मारून तो फेस धुऊन काढत असतात. वाहते इंधन स्फोटांनी पडलेल्या भोकांतून जळत खालच्या मजल्यांवर उतरते. निवेदक ही चूक झाकत नाही, बोट ठेवून दाखवतो.

आपल्या रसशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह. इथे उत्साहाला तोटा नाही, उलट तोच फेसावर पाणी मारतो आहे. वीररस पुरता रंगात असताना त्याच्याच पोटातून करुण निघतो, तोही कुणाच्या भ्याडपणातून वा कपटातून नव्हे, भलेपणातून. मला तरी असा रसपालट दुसरीकडे क्वचितच दिसला.

यंत्रमागांच्या आमच्या कबनूर गावाहून समुद्र लांब, पण हे दृश्य इथल्या माणसाला परके वाटू नये. यंत्रमागाच्या शेडमध्ये बीमवर, पट्ट्यांवर, छताच्या पत्र्याखाली कापसाचा भुरा साचलेला असतो. बोर्डात ठिणगी पडली की शेजारच्या शेडमधली माणसेही धावून येतात, पळून कुणी जात नाही. पहिल्याच्या हातात बहुधा बादली असते. मेन स्विच पाडायचे सुचते ते दुसऱ्या-तिसऱ्याला. धावून येणे आपल्याकडे संस्कारातच मिळते. आधी वीज बंद, मग पाणी, हा क्रम मात्र कुणीतरी बसून शिकवावा लागतो.

फॉरेस्टलवर १३४ जण मेले, १६१ जखमी झाले. त्यांतले कित्येक डेकवर नव्हतेच. रात्रपाळी करून मागच्या भागात डेकखाली झोपलेले होते. खालच्या मजल्यांवरची आग दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत धुमसत होती. फिल्मची मर्यादा इथे उघडी पडते. डेकवरचा कॅमेरा डेकच पाहणार. अंधारे जिने, पायाखाली तापलेले पोलाद, धुरात हरवलेला दरवाजा यांतले काहीच त्याच्या आवाक्यात नाही. आणि नौकेवरच्या आगीत माणूस अनेकदा ज्वाळेने नव्हे, धुराने जातो.

ही उणीव फिल्मने भरून निघत नाही, त्यासाठी अंगानेच शिकावे लागते. आपल्या नौदलाने ती सोय महाराष्ट्रातच, लोणावळ्याला केली आहे. १९४५ पासूनच्या ‘आयएनएस शिवाजी’च्या आवारात हानीनियंत्रणाची शाळा आहे. तिथे बंद खोल्यांत खरी आग लावून ती विझवायला शिकवतात. तिथल्याच ‘अक्षत’ या डोलत्या सिम्युलेटरमध्ये पाणी शिरत असताना भोके बुजवायला लावतात. सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्रातल्या संकटाची तालीम! ऐकायला गंमत वाटते, पण धुराला डोंगर आणि समुद्र सारखेच.

त्या धुराशी आपल्याही नौदलाची गाठ पडली. २६ एप्रिल २०१९ रोजी आपली विमानवाहू नौका ‘विक्रमादित्य’ कारवार बंदरात शिरत असताना तिच्या आतल्या एका भागात आग लागली. आग विझवण्यासाठी पथक घेऊन लेफ्टनंट कमांडर डी. एस. चौहान आत उतरले. आग आटोक्यात आली, नौकेच्या लढाऊ क्षमतेला धक्का लागला नाही. चौहान धुराने बेशुद्ध पडले आणि कारवारच्या नौदल रुग्णालयात नेऊनही वाचले नाहीत.