सयमक इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ : ‘-ॲश’ कुळाचे परीक्षण

साहित्यशास्त्रात यमकाची गणना शब्दालंकारांत होते. भाषाशास्त्रापुढे मात्र त्याचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. दोन शब्दांचा शेवट सारखा उच्चारला जातो, एवढ्यावरून त्यांच्या अर्थांतही काही नाते आहे असे मानावे काय? लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात इंग्रजीतील काही शब्दकुळांपुरते याचे उत्तर होकारार्थी दिले. बॅश, क्लॅश, क्रॅश, डॅश, फ्लॅश, गॅश, स्प्लॅश या शब्दांच्या अंती येणाऱ्या ध्वनिसमूहास त्यांनी ‘जोरकस हालचाल’ असा अर्थ लावला आणि धातू घडविणाऱ्या रूपिकेचे, म्हणजे अर्थवाहक अशा लघुतम घटकाचे, स्थान दिले.

या मांडणीचे आकर्षण उघड आहे. ‘फ्ल-’ म्हणजे हलता प्रकाश आणि ‘-ॲश’ म्हणजे जोरकस हालचाल असे एकदा धरले, की ‘फ्लॅश’ची फोड हीच त्याची व्युत्पत्ती वाटू लागते. परंतु एक रूपिका वेगळी काढल्यावर उरलेल्या अंशाचा हिशेब देणे विश्लेषकाला टाळता येत नाही. ‘डॅश’मधील ‘ड्-’चा अर्थ कोणता? ‘बॅश’मधील ‘ब्-’चा कोणता? शिवाय त्याच यमकात बसणारे कॅश, सॅश, ॲश हे शब्द कोणत्या न्यायाने वगळावयाचे? रोकड या अर्थाचा ‘कॅश’ फ्रेंच-इटालियन भाषांतील पेटीवाचक शब्दावरून आला. दक्षिण हिंदुस्थानातील हलक्या नाण्याचे ‘कॅश’ हे नाव तमिळ ‘कासु’वरून, पोर्तुगीजांच्या मार्फत आले, म्हणजे हे दोन शब्द परस्परांचेही सगे नव्हेत. ‘सॅश’ मूळचा अरबी. राख आणि एक वृक्षविशेष असे दोन अर्थ देणारा ‘ॲश’ हा तर जुन्या इंग्रजीतील दोन निराळे शब्द एकरूप होऊन बनला. यांत जोरकस हालचाल कोठेही नाही. (‘वॉश’ इंग्रजी लेखनात याच रांगेत दिसतो, उच्चारात नाही. मराठी वाचकाला देवनागरी लेखनामुळे हा भेद आपोआपच उमगतो.)

ड्वाइट बोलिंजर यांनी १९५० मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकातील लेखात हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. ग्लिटर-फ्लिटर, ग्लो-फ्लो, ग्लेअर-फ्लेअर अशा जोड्या मांडून शब्दाचा आरंभ आणि त्याचे यमक ही अंगे एकमेकांना कशी छेदतात, हे त्यांनी दाखविले. तक्ता सुबक आहे. किंबहुना जरा अधिकच सुबक आहे. ‘-इटर’मध्ये खंडित हालचाल पाहावयाची, तर कडूपणाचा ‘बिटर’ आणि केरकचऱ्याचा ‘लिटर’ त्या तक्त्याबाहेर ताटकळत राहतात.

असे असूनही हे सर्व साम्य केवळ भास आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. बेंजामिन बर्गेन यांनी २००४ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘ग्ल-’, ‘स्न-’ यांसारखा समान आरंभ आणि समान अर्थच्छटा असलेला एक शब्द आधी दाखविल्यास दुसरा अधिक त्वरेने ओळखला जातो, असे आढळले. नुसते ध्वनिसाम्य किंवा नुसते अर्थसाम्य असता असा परिणाम दिसला नाही. म्हणजे भाषकाच्या मनात अशा शब्दांचे गट खरोखरच बांधलेले असतात. मात्र शब्दारंभाविषयीचा हा पुरावा यमकाला जसाच्या तसा लावता येणार नाही.

यमकाच्या बाजूने सर्वांत बोलका साक्षीदार ‘गॅश’ हा होय. ब्लूमफील्ड यांच्या यादीत तो जन्मजात कुटुंबीयासारखा बसला आहे. वस्तुतः तो दत्तक आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द इंग्रजीत आधी ‘गार्स’ असा होता. ‘गॅश’ हे रूप त्याला सोळाव्या शतकात मिळाले. त्यातील रकाराचा लोप ध्वनिपरिवर्तनाने उलगडतो, कारण ‘बास’ या माशाच्या नावातूनही सकारापूर्वीचा रकार असाच गळाला आहे. पण ‘बास’चा सकार टिकला आणि ‘गार्स’चा मात्र शकार झाला. या फरकाचे कारण ध्वनिनियमात शोधण्यापेक्षा लॅश आणि स्लॅश या, घाव घालणाऱ्या, शेजाऱ्यांच्या ओढीत शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.