पाटीवरील अक्षर आणि संगणकीय टंक

ग्राफिक डिझायनर हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी जाहिरातसंस्थेतील काम सांभाळून ‘हँडपेंटेड टाइप’ हा उपक्रम चालविला. पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांकडून वर्णमाला लिहवून घ्यावयाची, तिचा संगणकीय टंक करावयाचा आणि त्यास त्या पेंटरचेच नाव द्यावयाचे, अशी ही योजना. ‘पेंटर कफील’ हा त्यांतलाच एक टंक. फ्लेक्समुळे पेंटरांचा रोजगार बुडत असता कारागिरास कर्तृत्वाचा मान देणारे हे काम मोलाचे होय.

परंतु पेंटर एरवी वर्णमाला लिहीत नाही. ठराविक मापाच्या पत्र्यावर शब्द लिहितो. नागपुरातील सायकलदुरुस्तीच्या पाट्यांवर ‘पंक्चर’ व ‘पंचर’ अशी दोन्ही रूपे आढळतात. दुसऱ्यातून ‘क्’ गळतो, कारण तो व्यंजनसमूह उच्चारास जड जातो. शिवाय जोडाक्षर गेल्याने अरुंद पत्र्यावर अक्षर मोठे काढता येते. (शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांस हे कोण सांगणार?) टंकात अक्षराचे वळण तेवढे उतरते, हा निर्णय उतरत नाही. देवनागरीसाठी असे काम हाती घेणाऱ्याने संपूर्ण पाट्यांचीही, त्यांच्या मापांसह आणि लेखनभेदांसह, नोंद ठेवावयास हवी.