उसाचे कांडे हे कोठार नव्हे

रामदासपेठेतल्या रसवंतीपुढे थांबलेल्या कुणाही विद्यार्थ्याला उसाबद्दल विचारा, ठरलेले उत्तर मिळेल : पान हा कारखाना, कांडे हे कोठार. उपमा सोपी आहे, पण आमच्या मते ती दिशाभूल करते. कोठारातले धान्य पडून राहते. कांड्यातली साखर तशी राहत नाही. पानातून आलेल्या सुक्रोजपैकी काही कांड्यातल्या पेशींत फुटून त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, आणि त्यातूनच पुन्हा सुक्रोज जोडले जाते. फोडण्याचे काम इन्व्हर्टेज हे विकर करते, जोडण्याचे मुख्यतः सुक्रोज फॉस्फेट सिंथेज. (सुक्रोज सिंथेज नावाचे तिसरे विकर दोन्ही दिशांनी चालते, नावावर जाऊ नये.) कोवळ्या कांड्यात पेशीच्या रिक्तिकेतले आम्लधर्मी इन्व्हर्टेज जोरात असते, कारण वाढीला साखर हवी. कांडे पिकते तसे ते मंदावते आणि गोडी चढते. ही गोडी कुठल्या एका विकरावर नव्हे, तर आम्लधर्मी इन्व्हर्टेज व सुक्रोज फॉस्फेट सिंथेज यांच्या क्रियाशीलतेतील फरकावर ठरते, असे झू, कोमोर व मूर यांनी १९९७ मध्ये दाखवले. हा जमाखर्च कोठाराच्या उपमेत बसतच नाही.

उपमेचा खरा तोटा तोडणीनंतर कळतो. ऊस तोडला की पानांकडची आवक बंद होते. पेशी मात्र काही काळ जिवंत असतात आणि इन्व्हर्टेजही शाबूत असते. ऊस फडात किंवा कारखान्याच्या आवारात पडून राहिला की सुक्रोज फुटत जाते. जिवाणूही आपला वाटा घेतात. फुटलेली साखर जिभेला गोडच लागते, पण कारखान्यात तिचे स्फटिक होत नाहीत. उसाचा रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मूळ उतारा १०.२५ टक्के धरलेला आहे. म्हणजे ‘कोठार भरले, आता घाई कशाला?’ हा समज शेतकऱ्याच्या खिशाला लागतो.

वर्गात हे दाखवता येते. शेंड्यासह एक ऊस आणावा. वरच्या कोवळ्या व बुडख्याकडच्या कांड्याचा रस आधी मुलांना चाखू द्यावा; शेंडा अळणी, असे ती सांगतील. मग दोन्ही रस सारखेच पातळ करून बेनेडिक्ट द्रावणाबरोबर गरम पाण्यात तापवावेत. हे द्रावण सुक्रोजला दाद देत नाही, ग्लुकोज-फ्रुक्टोजला देते. त्यामुळे विटकरी रंग अळणी शेंड्याच्या रसातच अधिक उमटतो. असे का, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. बुडख्याचा उरलेला तुकडा तसाच ठेवून चाचणी पुन्हा करावी. नागपूरच्या एप्रिलात चार दिवस पुरेत.