दलित आत्मकथनांतील नामप्रश्न : व्युत्पत्ती आणि व्यवहार

नामांचा अभ्यास बहुधा व्युत्पत्तीपाशी थांबतो. मूळ शब्द सापडला की नामाचा अर्थ लागला, असे गृहीत धरले जाते. मराठी व हिंदी दलित आत्मकथने एकत्र वाचली असता हे गृहीतक अपुरे ठरते.

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार व दया पवार ही एकाच व्यक्तीची दोन रूपे समोरासमोर येतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव जुगुप्सित असावे असा दंडक आहे. 'दगडू' या नावाची संगती त्याच्याशी लावणे सोपे वाटते. परंतु मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून दगडाधोंड्याचे नाव ठेवण्याची रीत अनेक जातींत होती. महर्षी कर्वे यांचे नावही धोंडो होते. भेद मूळ शब्दात नाही, संबोधनात आहे. एका घरचा धोंडो 'धोंडोपंत' होतो. दुसऱ्या घरचा 'धोंड्या'च राहतो.

'पवार' हे आडनाव मात्र अनेक जातींत आढळत असल्याने केवळ त्यावरून जात उघड होत नाही. म्हणूनच 'बलुतं'मधील ताण व्यक्तिनामावर केंद्रित होतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) तो मधल्या नावावर, म्हणजे पित्याच्या नावावर येतो. शाळेच्या नोंदीत कोणाचे नाव लावावे, हा तेथे अस्तित्वाचा प्रश्न बनतो. तोळ्याच्या बारा माशांतील एक मासा उणा असल्याचे सुचवणारे शीर्षक हेही समाजाने दिलेले एक नावच आहे.

ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन'मध्ये (१९९७) हाच ताण आडनावावर सरकतो. उत्तरेत 'वाल्मीकि' हे आडनाव सफाईकामाशी जखडलेल्या समाजाची ओळख सांगते. ते टाकावे असा आप्तेष्टांचाही आग्रह होतो. लेखक ते सोडत नाही. या आडनावाचा प्रवास अंबरनाथच्या प्रसंगात विशेष बोलका ठरतो. तेथील एक महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंब त्याच आडनावावरून लेखकाला ब्राह्मण समजते. भाषिक प्रदेश बदलताच कलंकाचे चिन्ह प्रतिष्ठेचे ठरते, आणि खरी जात कळताच ती प्रतिष्ठा नाहीशी होते. शब्द तोच, आदिकवीकडे नेणारी व्युत्पत्तीही तीच; बदलतो तो वाचणारा समाज.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने याचा परिणाम अनुवादाच्या वाचनावर होतो. 'दगडू म्हणजे दगड' अशी तळटीप अचूक असूनही दिशाभूल करू शकते, कारण हाक मारण्यातील उतरंड तिच्यात येत नाही. नामाचा अर्थ कोशात मिळतो. त्याची किंमत मात्र ते कोण, कोणाला आणि कोठे उच्चारतो यावर ठरते. ही किंमत नोंदवणे हे या तिन्ही आत्मकथनांचे समान कार्य होय.