‘स्मृतिचित्रे’ : डागांसह दिलेली साक्ष

बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगण्यास कोणी पुढे यावे असे म्हटले, की उत्तर येते, “फादर, आमचं मागलं सारं गावाला ठाऊक आहे. कोणत्या तोंडानं ख्रिस्ताचं नाव घ्यावं?” या प्रश्नासह आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली.

१९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या प्रोटेस्टंट भगिनीच्या आत्मचरित्रात काहीच झाकलेले नाही. रेव्हरंड टिळकांचा संताप, न सांगता घर सोडून जाणे, १८९५ मधील त्यांच्या बाप्तिस्म्याने झालेली ताटातूट, सारे येथे आहे. लेखिका स्वतःलाही सोडत नाहीत. पतीकडे परतल्यावरही आपण सोवळे कसे पाळले, हे त्या हसत सांगतात. म्हणूनच १९०० साली त्यांनी स्वीकारलेली श्रद्धा उसनी वाटत नाही.

एक उणीव मात्र जाणवते. त्यांचा विनोद कधी कधी जखमेवर इतक्या लवकर पडदा टाकतो, की सोसणेच हलके वाटू लागते. क्षमा म्हणजे विसर नव्हे.

पापनिवेदन गुप्त असते. प्रत्येक चूक चव्हाट्यावर मांडावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांनी नोंदविला, आणि मेंढरे त्याच्याच हाती सोपविली गेली. साक्ष द्यायची ती क्षमा करणाऱ्याची. तिला आपल्या निष्कलंकपणाचा दाखला लागत नाही.